देवाचं रान आणि त्यातला ओढा: कामाच्या नोंदी, बेळगाव

बेळगाव शहर वाढत चाललंय तसं कडेची एकेक गावं त्यात मिसळूलालीत आणि गावाबरोबर गावाच्या देवाचं रान, म्हणजे देवराई पण. शहरातल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या झाडांसाठी निदान आवाज तरी उठतो, गल्लीच्या मागच्या सव्वादोन एकरासाठी कोण येणार? आम्ही गल्लीतलीच काही जणं, देवस्थान पंच कमिटी आणि गुरवमामा मिळून हे रान आणि त्यातला ओढा परत जिता करायचं काम करतोय. खानापूर, चंदगड, बेळगाव भागात अशी रानं अजून बरीच आहेत. कुणी असं काम काढणार असेल तर आमचा पैसा आणि वेळ कुठं गेला ते यात बघून घ्या, तेवढा तुमचा वाचंल.

१३ नोव्हेंबर २०२२

आज नुसतं मोजमाप. रान सव्वादोन एकर, मधनं ओढा जातो तो पुढं मार्कंडेय नदीला मिळतो. तीन बाजूला लेआउट (प्लॉट पाडून झालेली वसाहत), चौथ्या बाजूला अजून भात आहे. एका माणसाची कव पुरत नाही एवढ्या सगळ्या झाडांना नंबर घातले आणि वहीत उतरवले: जांभूळ, हिरडा, बेहडा, नाणा, ऐन, कुंभा, फणस, दोन रायवळ आंबे. ओढ्याला करंज, उंबर, वाळुंज. खाली अंजनी, गेळा, तोरण आणि झाडावर चढलेल्या उक्षीच्या वेली. या रानातली काटकी पण घरी न्यायची नाही हा गावचा जुना नेम, त्यामुळंच ही झाडं आज उभी आहेत.

खरं नंबर घालता घालता एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. म्हातारी झाडं आहेत, पण मनगटाएवढं, मांडीएवढं जाड असं मधल्या वयाचं झाड एकही नाही. म्हणजे गेली वीस-पंचवीस वर्षं इथं जे उगवलं त्यातलं काहीच जगलं नाही. बाहेरनं हिरवंगार दिसणारं रान आतनं थांबलंय, आणि ही म्हातारी झाडं एकेक करून पडायला लागली की मागं घाणेरी (टणटणी, लँटाना) सोडून काही उरणार नाही. त्यामुळं पहिल्याच दिवशी ठरलं की झाडं लावायचा विषय आत्ता नको, आधी उगवलेलं का मरतंय ते शोधायचं.

काम सुरू करायच्या आधी गुरवमामांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. हे सोडू नका. गाऱ्हाणं झालं की गाव तुमच्या कामाला आपलं समजतं, नाहीतर तुम्ही कोण बाहेरची माणसं आणि देवाच्या रानात काय करूलालासा असं सुरू होतं.

१८ डिसेंबर २०२२

कचरा काढला. प्लास्टिक, थर्माकोल, दारूच्या बाटल्या, जुनी गादी, बांधकामाचा राडारोडा. ट्रॅक्टरच्या चार ट्रॉल्या भरल्या, ट्रॉलीला बाराशे रुपये. फुटक्या काचेसाठी रबरी हातमोजे चालत नाहीत, चामड्याचे लागतात, जोडीला दीडशे-दोनशे पडतात पण घ्याच, पहिल्याच तासात एका पोराचा तळहात कापला आणि तीन टाके पडले.

एका कॉलेजची मुलं पण मदतीला आली होती. पोरं मनापासून राबली, खराटे घेऊन सगळा पाचोळा पण झाडून ढीग लावले आणि रान अंगणासारखं चकचकीत दिसायला लागलं. फोटो छान आले.

२६ फेब्रुवारी २०२३

पाचोळ्याचे ते ढीग कुणीतरी पेटवले. कोण ते कळलं नाही, बिडी असंल नाहीतर मुद्दाम असंल. एक ढीग ११ नंबरच्या जांभळाच्या बुंध्याला टेकलेला, बुंधा आतनं पोकळ, आग त्या पोकळीत शिरली आणि धुराड्यासारखी वर ओढली. बाहेरनं पाणी मारून काही उपयोग नव्हता, शेवटी पोकळीचं खालचं तोंड ओल्या मातीनं लिंपून हवा बंद केली तेव्हा कुठं रात्री दीडला विझली. झाड अर्ध्या बाजूनं गेलं.

यातनं कायमचे नियम झाले. एक, रानात खराटा नाही. पाचोळा पसरून असला की आग लागली तरी गुडघ्याखाली पळते आणि झाडं वाचतात, ढीग केला की एकाच जागी तासन्‌तास धुमसते. दोन, रस्त्याच्या आणि लेआउटच्या बाजूनं सहा फुटाची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळी ठेवलेली पट्टी, ती मात्र जानेवारीपासून होळीच्या पुढंपर्यंत दर आठवड्याला साफ. तीन, मदतीला येणाऱ्या मुलांना आधीच सांगायचं: प्लास्टिक आणि काच उचला, पानाला हात लावू नका.

झाडलोट हेच रोपं न जगण्याचं एक मोठं कारण निघालं. वर्षानुवर्षं यात्रेच्या आधी रान झाडलं जायचं. पाचोळ्याखाली ओल राहते, बी तिथं रुजतं. झाडलेल्या जमिनीवर पडलेलं बी मार्चच्या उन्हात भाजून निघतं आणि जे रुजतं ते खराट्याबरोबर जातं.

१६ एप्रिल २०२३

घाणेरी काढायला सुरुवात. अर्ध्याहून जास्त रान तिनं धरलंय, काही ठिकाणी डोक्याच्या वर. सहा गडी कोयते घेऊन आठवडाभर, गड्याला सहाशे रुपये हजेरी, चहा-नाष्टा वेगळा. पंचवीस हजाराच्या वर गेले. रान एकदम मोकळं झालं, देवळापासनं ओढा दिसायला लागला.

११ जून २०२३

सगळी घाणेरी परत आली. वळवाचे दोन पाऊस झाले आणि कापलेल्या एकेक खुंटातनं आठ-दहा कोंब. पूर्वी एक दांडा होता तिथं आता झुडूप. पंचवीस हजार पाण्यात. घाणेरी वरनं कापणं म्हणजे तिची छाटणी करणं, ती आणखी दाट होते, हे प्रत्येकानं डोक्यात पक्कं बसवा.

पाऊस लांबलाय. राकसकोप धरणाचं पाणी तळाला गेलंय, शहरात नळाला पाणी कधी येईल भरवसा नाही. आमचा ओढा तर पूर्ण कोरडा, फक्त लेआउटच्या गटारीचं पाणी मधनं एक काळी रेघ काढत जाऊलालंय.

२३ जुलै २०२३

पाऊस आला आणि चांगला लागला. घाणेरीची दुसरी पद्धत सुरू केली. दिल्लीच्या सी. आर. बाबू या वनस्पतीशास्त्रज्ञांनी ती बसवली, अनेक अभयारण्यांत वापरली जाते, आणि करायला अगदी सोपी आहे. झुडपाच्या बुडाशी जिथं खोड संपून मूळ सुरू होतं तिथं जमिनीखाली दीड-दोन इंचावर एक जाड गाठीसारखा भाग असतो, सगळे कोंब त्या भागातनं फुटतात. कुदळीचा घाव त्याच्या खाली घालायचा आणि मुख्य मूळ तोडायचं, पूर्ण मूळ खणत बसायचं नाही. मग अख्खं झुडूप उचलून तिथंच उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडं, म्हणजे परत जमीन धरत नाही आणि तसंच वाळतं.

पावसात माती मऊ असल्यामुळं दोघांत एक झुडूप पाच मिनिटांत निघतं. एक गडी पहारीनं झुडूप एका बाजूला कलवतो, मूळ ताणलं की दुसरा तिरका घाव घालतो. घाव बरोबर बसला तर आत पिवळट पांढरं लाकूड दिसतं आणि झुडूप अंगावर येतं, तेवढं सांभाळायचं, काट्याच्या ओरखड्यानं अंग खाजतं. फळं काळी व्हायच्या आत काढायचं. काळी फळं असली तर ती पोत्यात तोडून मगच झुडूप उलटं करायचं.

काढून झाल्यावर संपलं नाही. पक्षी फळं खातात आणि फांदीवर बसून बी टाकतात, त्यामुळं मोठ्या झाडाखालीच पहिल्यांदा नवीन रोपं दिसतात. दर महिन्याला तेवढ्याच जागा फिरायच्या, बोटाएवढी रोपं हातानं उपटून येतात. हे पुढची तीन-चार वर्षं तरी सोडायचं नाही.

मोठं वाळलेलं लाकूड चुलीला देऊ म्हटलं तर नेमाचा प्रश्न आला. पंचांनी बसून ठरवलं, घाणेरी ही देवाची नव्हे, बाहेरनं आलेली, ती न्यायला दोष नाही. बाकी काट्याकुट्यांचं भाताच्या बाजूनं कुंपण घातलं. जनावरं आत यायची थांबली ती त्यामुळंच. तारेचं कुंपण दीड लाख सांगितलं होतं.

३० जुलै २०२३

वनमहोत्सवाची रोपं आली, दोनशे. एका ओळखीच्या माणसानं दिली, नाही म्हणता आलं नाही. गुलमोहर, पेल्टोफोरम, काशीद, थोडी करंज आणि जांभूळ. पिशवी फाडून बघितली तर मुळं तळाला गोल गोल फिरलेली, म्हणजे रोपं पिशवीत जास्त दिवस राहिलेली. करंज-जांभूळ रानात लावली, बाकीची गुलमोहर-काशीद रस्त्याच्या कडेला द्यायला बाजूला काढली, देवाच्या रानात नकोत यावर गुरवमामा ठाम होते आणि त्यांचं बरोबर होतं.

३ सप्टेंबर २०२३

ऑगस्टभर पाऊस नाही. १९०१ पासनं देशात नोंदी आहेत, त्यातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणे हा. लावलेल्या रोपांतली बहुतेक वाळली. टँकर दोन मागवले, नऊशेला एक, पाणी घातलं की दोन दिवसांनी परत तेच.

आता खरी नोंद. वाळलेली रोपं काढायला गेलो तर जिथं घाणेरी उलटली होती आणि पाचोळा तसाच होता तिथं जांभळाची रोपं आपोआप आलेली, बोटभर उंच, एकेका बियातनं दोन-दोन तीन-तीन. त्याच कोरड्या ऑगस्टमधनं ती निघाली, कुणी पाणी घातलं नाही. बाजूलाच पिशवीतलं लावलेलं जांभूळ काटकी होऊन उभं. दोन्हीचा फोटो काढून पंचांना पाठवला. त्यानंतर रोपं लावायचा विषय कमिटीत कुणी काढला नाही.

२९ ऑक्टोबर २०२३

एक गृहस्थ आले, मियावाकी पद्धतीनं घनदाट जंगल करून देतो म्हणाले, खर्च पण ते देणार. पंचांना पटायला लागलं होतं. त्या पद्धतीत जेसीबीनं जमीन खणून खत-भुस्सा मिसळतात आणि एका चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. रिकाम्या, मेलेल्या जागेवर चांगलं आहे ते, कुणाच्या पडीक प्लॉटवर जरूर करा. इथं खणलं तर म्हाताऱ्या झाडांची पोसणारी मुळं वरच्या दोन फुटातच असतात ती तुटणार, आणि मातीत पडून असलेलं बी जाणार. त्यांना जागा दाखवली, उगवलेली जांभळं दाखवली. समजून घेतलं त्यांनी, आणि पैसे ओढ्याच्या कामाला देतो म्हणाले. या माणसाचे उपकार विसरणार नाही.

१४ जानेवारी २०२४

आता ओढा. या रानातला सगळ्यात वाईट भाग हाच.

तीन-चार वर्षांमागं नाला सफाईच्या नावाखाली जेसीबी घालून तो सरळ आणि खोल केला होता. वळणं गेली, डोह गेले, तळातले दगड-गोटे काढून काठावर टाकले. त्या वेळी जाब विचारला तर मिळालेलं उत्तर: "पाणी कसं सरळ जाऊलालंय की ओ, आणि काय पायजे?" सरळ गेलं की पाण्याला वेग येतो, वेग आला की तळ खणला जातो. तीन पावसाळ्यांत तळ आणखी कमरेएवढा खाली गेला, वाळुंजाची मुळं उघडी लोंबायला लागली आणि दोन्ही काठांवरची जमीन आपली ओल ओढ्यात सोडून द्यायला लागली. फेब्रुवारीत ओढा आटायचा तो यामुळं. झाडांच्या शेंड्याकडच्या फांद्या वाळत होत्या त्याचं पण कारण हेच असावं असं आमचं मत.

उपाय म्हणून आडवे दगडी बांध, गुडघ्याच्या खाली उंचीचे, सात. काठावर टाकलेलेच गोटे वापरले, कमी पडले तेवढा काळा दगड आणला, ट्रॉलीला तीन हजार, पाच ट्रॉल्या. सिमेंट नाही. उंच बांध नको, मासे आणि कुर्ल्या वर चढत नाहीत आणि पलीकडं धबधबा पडून खड्डा होतो. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाला लेव्हल आला पाहिजे, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली.

वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या तोडून हात-सव्वा हात खुंट्या काठात ठोकल्या, दोन भाग आत एक भाग बाहेर. थंडीत झाड पान टाकून असतं तेव्हाच करायचं. शेंडा-बुडका उलटा ठोकू नका, बुडक्याला तिरका काप घ्या म्हणजे गोंधळ होत नाही.

१० मार्च २०२४

गटारीच्या पाण्याचं काम सुरू. लेआउटमधल्या वीसेक घरांचं स्वयंपाकघर आणि न्हाणीचं पाणी थेट ओढ्यात येतं, संडासाला सेप्टिक टँक आहेत एवढं बरं. अर्ज दिले, फेऱ्या मारल्या, ज्यांच्याकडं हे काम आहे त्यांच्याकडनं वर्षभरात काही झालं नाही. शेवटी हे पाणी गाळून साफ करायला पंचांच्या जागेत खडीचा वाफा करायचं ठरलं.

वाफा बारा मीटर लांब, पाच मीटर रुंद, दोन फूट खोल. तळाला जाड ताडपत्री दुहेरी, दोन्ही टोकाला ४० एमएमची खडी, मध्ये २० आणि १० मिक्स, साडेबारा ब्रास लागली. त्यात कर्दळ आणि पाणकणीस. पाणी खडीच्या वरच्या थराखाली दोन इंच राहिलं पाहिजे, वर दिसलं तर डास होतात. त्यासाठी बाहेर पडणाऱ्या पाईपला फिरणारा बाक (एल्बो) बसवलाय, तो वरखाली केला की आतली पातळी बदलते. एकूण एक लाख बत्तीस हजार, यातले ऐंशी हजार त्या मियावाकीवाल्या गृहस्थांचे.

मधे गावात वार पाळणूक होती, मंगळवारी कुदळ लावायची नाही. काम त्या हिशोबानं लावा, गवंडी बाहेरचा असला तर त्याला आधी सांगून ठेवा.

२ जून २०२४

वाफा तुंबला. तीन महिने पण झाले नाहीत. आत येण्याच्या तोंडाशी खडीवर राखाडी, चिकट, लोण्यासारखा थर, त्याखाली पाणी जातच नाही, वरनं वाहतं आणि वास सुटलाय. लेआउटची माणसं भांडायला आली आणि त्यांचा राग बरोबर होता.

कारण तेल. खरकट्या भांड्यांचं तेल आणि साबण मिळून तो थर होतो. शिवाय पहिला वळीव झाला तेव्हा रस्त्यावरची सगळी लाल माती पण गटारीतनं आत आली. दुरुस्ती: वाफ्याच्या आधी तीन कप्प्यांची टाकी. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं आणि पाणी खालच्या भोकातनं तिसऱ्यात जातं. त्याच्याही आधी एक आडवी फळी, पावसाचं पाणी जास्त आलं की ते वाफ्यात न येता बाजूनं ओढ्यात जातं. तोंडाची चार फूट खडी बाहेर काढून धुऊन परत भरली. अठ्ठावीस हजार आणि तीन आठवडे. ही टाकी पहिल्यांदाच बांधा, नंतर जोडायला दुप्पट त्रास.

टाकीतलं तेल दर शनिवारी काढावं लागतं. लेआउटमधल्या एका मावशींनी ते काम अंगावर घेतलंय आणि घरोघरी सांगून आल्यात की भांडी आधी कागदानं पुसा. तेल निम्म्यावर आलं ते मावशींमुळं.

२८ जुलै २०२४

या आठवड्यात पाऊस असा की मार्कंडेय काठ सोडून शिवारात, तिकडं घटप्रभेला पूर. सातपैकी तीन बांध गेले. दगड वाहून गेले नाहीत, ते जागेवरच आहेत. पाणी बांधाच्या टोकाकडनं वळसा घालून काठ कापून गेलं. तिसऱ्या बांधाजवळ तर काठ पाच फूट आत गेला आणि एक जुना करंज पडला. ३४ नंबर. फार वाईट वाटलं, गुरवमामा त्या दिवशी जेवले नाहीत.

टिकलेले चार आणि गेलेले तीन शेजारी शेजारी बघितले तेव्हा फरक दिसला. टिकलेल्यांचा माथा दगड घसरून आपोआप मध्ये खोलगट झाला होता, पाणी मधनं गेलं. गेलेले तीन अगदी सपाट बांधलेले, त्यामुळं पाणी कडेला ढकललं गेलं. आणि त्यांची टोकं काठाला नुसती टेकवलेली.

१५ डिसेंबर २०२४

तिन्ही बांध परत बांधले. माथा मध्ये वीतभर खाली. टोकं दोन्ही काठांत तीन-तीन फूट खणून आत गाडली. पाणी पडतं त्या बाजूला मोठ्या चपट्या दगडांची फरशी. सगळ्यात मोठे दगड तळाला आणि पाणी खाली उतरतं त्या बाजूला, बारके मध्ये भरायला. चार गडी, सहा दिवस, चौदा हजार चारशे.

पडलेला करंज हलवला नाही. विकायचा विषय निघाला होता, पण नेम आहे आणि त्याचा उपयोग पण आहे. ओढ्यात आडवा पडलाय त्याच्या मागं वाळू साठून आपोआप डोह झालाय, आमच्या सगळ्या बांधांपेक्षा चांगला.

९ फेब्रुवारी २०२५

पंच कमिटीत पेव्हर ब्लॉकचा ठराव. देवळाभोवती सगळीकडं, यात्रेला चिखल होतो म्हणून. बायाबापड्या घसरून पडतात हे खरंच आहे. दोन बैठका झाल्या, आवाज वाढले. शेवटी ठरलं ते असं: देवळापासनं रस्त्यापर्यंत पाच फुटाची फरशीची वाट, बाकी माती. आणि बेहड्याभोवतीचा सिमेंटचा कट्टा काढायचा. कट्टा बांधताना बुंध्याला दोन फूट माती चढवली होती, साल त्या ओलीनं कुजलेली, हात लावला की भुगा. कट्टा फोडताना ब्रेकर लावू नका, हादऱ्यानं मुळं तुटतात, छन्नी-हातोड्यानं दोन दिवस लागले. माती हातानं काढून मुळांचा वरचा फुगीर भाग उघडा केला आणि तसाच सोडला.

ओढ्याकडची सुबाभूळ तोडायचा निर्णय पण याच बैठकीत. झाड तोडायचं असलं तर आपलंच असलं तरी आधी वन खात्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि लागत असंल ती परवानगी मिळू द्या, नुसत्या पोचेवर नाहीतर तोंडी बोलण्यावर कोयता उचलू नका.

६ एप्रिल २०२५

ओढ्यात पाणी आहे. एप्रिलमध्ये. वाहत नाही, पण सातपैकी पाच डोहांत ढोपरभर आहे आणि वास नाही.

चौथ्या बांधाखालचा एक चपटा दगड उचलून उलटा केला. पूर्वी अशा दगडाखाली फक्त लाल बारीक अळ्या वळवळायच्या, पाण्यात हवा कमी असली की त्याच टिकतात. आज दगडाला चिकटून तांदळाएवढ्या नळ्या होत्या, वाळूचा एकेक कण जोडून केलेल्या, कण पण कसे, काळा, तांबडा, एखादा चमकणारा. नखानं ढकललं तर एका नळीतनं सहा पाय आणि बारकं काळं डोकं बाहेर आलं आणि नळी ओढत दुसरीकडं चालायला लागली. ही पाण्यातल्या किड्याची पिल्लं, घाण पाण्यात सहसा टिकत नाहीत. दगड होता तसाच परत ठेवला. शेजारी कुर्लीचं बीळ, तोंडाशी ताजी माती.

डासासाठी गप्पी मासे सोडायला कुणीतरी आणले होते, नको म्हणून सांगितलं. ते इथले नाहीत आणि बारके किडे, अंडी सगळं खातात. चतुरांची पिल्लं पाण्यात असली की ती डासांच्या अळ्या खातातच.

१ जून २०२५

मॉन्सून यंदा मेमध्येच आला, केरळात २४ मेला. वळीव आणि मॉन्सून एकमेकाला लागूनच, मधे उघडीप नाही. आमचं जूनचं नियोजन कोलमडलं, टाकीतला गाळ काढायचा राहून गेला होता तो भर पावसात काढावा लागला. मेच्या पहिल्या आठवड्यात टाकी साफ, हे आता कॅलेंडरवर लाल पेनानं.

बांध सातही जागेवर. वाळुंजाच्या खुंट्यांतल्या निम्म्याहून जास्त लागल्यात, काही माणसाच्या उंचीच्या. नवरंग पक्ष्याची शीळ पहाटे दोन दिवस ऐकू आली.

१४ सप्टेंबर २०२५

रोपांची मोजणी. दहा बाय दहा फुटाचे चौकोन दोरीनं आखलेत, त्यातलंच मोजतो, सगळं रान मोजत बसत नाही. जांभूळ सगळ्यात जास्त, मग करंज, अंजनी, बेहडा. हिरडा फक्त दोन चौकोनांत. नाणा एकही नाही. नाण्याचं बी मुळातच कमी उगवतं, येत्या उन्हाळ्यात बी गोळा करून रानाबाहेर वाफ्यात टाकून बघणार, रोप लावायचं झालं तर एवढ्या एकाच झाडाचं. २०२३ च्या ऑगस्टमधली जांभळं आता कमरेच्या वर आहेत.

गणपती ओढ्यात सोडणं यंदा पूर्ण बंद झालं, पंचांनी हौद ठेवला होता, निर्माल्याला वेगळी बुट्टी. एक पीओपीची मूर्ती रात्री कुणीतरी डोहात ठेवून गेलं ती आदरानं उचलून हौदात विसर्जन केली, बोलाबोली केली नाही.

पुढची कामं: ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की ओढ्यापलीकडच्या शेवटच्या अर्ध्या एकरातली घाणेरी, माती ओली आहे तोवरच. तिथं रानमोडी पण आहे, तिला मुळासकट हातानं उपटावी लागते, जानेवारीत तिचं वाऱ्यावर उडणारं बी (म्हातारी) सुटायच्या आत. वाफ्यातली पाणकणीस फार माजलीय, निम्मी कापून काढायची, कर्दळ तशीच ठेवायची. डिसेंबरात पाचव्या बांधाची डावी कड परत बघायची, तिथं पाणी झिरपतंय आणि आतली बारकी खडी निघून गेलीय. दोन ट्रॉल्या दगड, साधारण साडेसहा हजार, त्यातले चार जमलेत.